किल्ल्यात परत शिरण्याआधी: 'सिंफनी ऑफ द नाईट' पुन्हा खेळावा का, आणि कसा?

प्रश्न: शाळेत असताना 'कॅसलव्हेनिया: सिंफनी ऑफ द नाईट' वेड्यासारखा खेळलो. आता चाळिशी उलटली. परत खेळायची फार इच्छा आहे, पण आठवणीतला गेम प्रत्यक्षात तसा निघाला नाही तर, ही धास्ती वाटते. कुठली आवृत्ती घ्यावी? सगळी गुपितं ठाऊक असताना मजा येईल का? आणि तो उलटा किल्ला तेव्हाही मला रटाळ वाटला होता, तो माझा दोष होता का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. दोष तुमचा नव्हता. गेमच्या उत्तरार्धात तोच किल्ला डोक्यावर उभा होऊन परत येतो, त्या उलट्या किल्ल्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

मी गेली सतरा वर्षं टूडी ॲक्शन गेमच्या लेव्हल रचण्याचं काम करतो. ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात भटकत राक्षस मारत जाण्याचा हा १९९७चा प्लेस्टेशन गेम मी किती वेळा संपवला याचा हिशेब कधीच सोडून दिलाय. काही वेळा निव्वळ मजेसाठी खेळलो, पण जास्त वेळा कामासाठी: एकेका खोलीत थांबून, कागदावर नकाशा काढून, शत्रू कुठे उभा केलाय आणि का, हे बघत. इतक्या फेऱ्यांनंतर माझं एक मत पक्कं झालंय. आव्हान म्हणून हा गेम फारसा भारी नाही. तो भारी आहे रेंगाळण्यासाठी. शाळेत आपण तो जिंकायला खेळलो. आता जिंकायला गेलात तर दोन-तीन संध्याकाळींत हातातून निसटेल आणि 'एवढंच होतं का?' असं वाटेल. चालत खेळलात तर टिकेल. 'चालत' हे मी अगदी शब्दशः म्हणतोय.

आधी त्या चालण्याबद्दलच सांगतो. गेम सुरू करा, प्रस्तावनेची लढाई उरका, आपला नायक, ड्रॅक्युलाचा मुलगा अलुकार्ड, किल्ल्याच्या दारातून आत आला की पाच मिनिटं काहीच मारू नका. नुसते डावीउजवीकडे फिरा. तो पाऊल टाकतो तेव्हा झग्याचं टोक अर्धा क्षण मागे राहतं आणि मग येतं. मागे त्याच्याच आकृतीच्या धूसर छाया विरत जातात. थांबवलं की शरीर थांबतं, केस आणि झगा नंतर स्थिरावतात. आणि एवढी सजावट असूनही बटण दाबल्याबरोबर पात्र हलतं, हे सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या कामात ही नेहमीची ओढाताण असते: ॲनिमेशन सुंदर करायला गेलं की हालचाल जड होते, हालचाल चपळ ठेवली की चित्र कोरडं होतं. इथे पायांना तत्काळ उत्तर द्यायला लावलंय आणि सौंदर्य सगळं मागून येणाऱ्या कापडात ठेवलंय. किती साधी युक्ती! पण हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी तेवढं एकच चालणं पंधरा मिनिटं बघत बसलो होतो.

मग मागे सरकण्याचं बटण. मूळ कंट्रोलरवर त्रिकोण. अलुकार्ड पाठ न फिरवता झपकन मागे घसरतो. शत्रूचा वार चुकवणं हा त्याचा सांगायचा उपयोग, पण ते मागे सरकणं पुढे चालण्यापेक्षा वेगवान आहे. त्यामुळे सरावलेले खेळाडू अख्खा किल्ला पाठमोरे पार करतात, मधेमधे ढालीचं बटण दाबून ती घसरण तोडतात आणि लगेच पुढची घेतात. तुमच्या बोटांना हे अजून आठवत असेल. माझ्या बोटांना तर कुठलाही कंट्रोलर हातात आला की आधी तेच आठवतं. आणखी एक बारकावा: उडी मारून वार करा आणि पाय जमिनीला लागताच पुन्हा वार करा. पहिल्या वाराचा उरलेला वेळ जमीन खाऊन टाकते. जड तलवारीही त्यामुळे जलद चालतात. गेम हे कुठेही शिकवत नाही.

सुरुवातीची दहा मिनिटं नीट बघा, कारण तिथे एक फार हुशार चाल आहे. पहिल्यांदा आपण अलुकार्ड नसतोच. आपण ड्रॅक्युलाशी लढणाऱ्या घराण्यातला रिक्टर बेलमाँट असतो, हातात चाबूक, समोर खुद्द ड्रॅक्युला. म्हणजे १९९३च्या 'रोंडो ऑफ ब्लड' या आधीच्या गेमचा शेवट इथे सुरुवातीला लावलाय. हरायला आलात तर रिक्टरची साथीदार मारिया येऊन वाचवते, त्यामुळे ही लढत हरता येत नाही. पण ती कशी लढलात यावर पुढे अलुकार्डचे सुरुवातीचे आकडे थोडे इकडेतिकडे होतात. चाळीस वेळा खेळलेल्यांनाही हे ठाऊक नसतं.

नंतर अलुकार्ड येतो तो संपूर्ण शस्त्रसज्ज. लांडगे एका वारात कोसळतात, कशाचीच भीती नाही. मग काही खोल्यांनंतर साक्षात मृत्यू समोर येतो, दोन वाक्यं बोलतो आणि तलवार, ढाल, चिलखत, शिरस्त्राण, झगा, गळ्यातला हार, सगळं काढून घेतो. पुढच्या खोलीत तुम्ही रिकाम्या मुठींनी सांगाड्यांना ठोसे मारत असता. पुढे कितीतरी गेमनी हीच चाल वापरली: आधी सगळं द्यायचं, मग हिसकावायचं. मीही एकदा वापरली आणि तोंडावर आपटलो. माझ्या गेममध्ये ती ताकद वीस मिनिटं खेळाडूच्या हातात होती. तेवढ्या वेळात त्याला ती आपलीच वाटायला लागली आणि काढून घेतल्यावर तो चिडला. इथे ती जेमतेम चार-पाच मिनिटं असते. चव लागते, सवय लागत नाही. ते सामान परत कुठे मिळतं, हे लक्षात ठेवा. उलट्या किल्ल्याचा विषय निघेल तेव्हा ते लागेल.

आता रेंगाळण्याबद्दल. तुम्हाला गुपितं ठाऊक आहेत असं तुम्ही म्हणता. मोठी असतील ठाऊक. छोटी किती आठवतात?

किल्ल्याच्या रॉयल चॅपल या भागात कबुलीजबाबाची एक खोली आहे. तिथल्या खुर्चीत नुसतं बसायचं. पलीकडे एक भूत येऊन बसतं. कधी ते पाद्र्याचं असतं आणि आशीर्वाद देऊन जातं, कधी पडद्याआडून सुऱ्या बाहेर येतात. पुढच्या वाटचालीला याचा काडीचाही उपयोग नाही. आउटर वॉलवर दुर्बीण आहे. तिच्यातून बघितलं की खाली दूरवर नाव वल्हवणारा नावाडी दिसतो, तोच नावाडी पुढे भुयारातल्या पाण्यात भेटतो. शेंगदाणे हा खाण्याचा पदार्थ वापरला की दाणा हवेत उडतो आणि तो खाली येताना तोंड वर करून झेलावा लागतो. चुकला तर गेला. तब्येत किंचित सुधारावी म्हणून एवढा उपद्व्याप! परी सोबत असताना खुर्चीत बसून राहिलात तर ती खांद्यावर येऊन बसते. ग्रंथालयातला म्हातारा पुस्तकवाला आठवतो? त्याच्या बरोबर खालच्या खोलीत जाऊन वरच्या छतावर जोरदार उडी मारली की त्याची खुर्ची उसळते आणि तो वैतागून वस्तू टाकतो.

मार्बल गॅलरीच्या मधोमध घड्याळाची खोली आहे. दोन बाजूंना दोन पुतळे. डावा पुतळा घड्याळाच्या मिनिटागणिक सरकतो, एक मिनिट वाट मोकळी, पुढचं मिनिट बंद. उजवा मात्र कितीही वेळ उभे राहिलात तरी ढिम्म हलत नाही. तो हलतो तेव्हाच, जेव्हा तुम्ही त्या खोलीत वेळ थांबवणारं स्टॉपवॉच वापरता. खेळाच्या आतल्या वेळेशी खेळाडूने कसं वागावं हे एकही शब्द न बोलता दोन पुतळ्यांनी सांगितलंय. एक सांगतो थांब, दुसरा सांगतो थांबव.

आणि एक खास आपल्यासाठी. दुय्यम शस्त्रांत भस्माची एक पूड आहे, जमिनीवर टाकली की तिच्यावरून जाणाऱ्या राक्षसाला चटके बसतात. तिचं नाव 'विभूती'. लहानपणी ती इंग्रजी अक्षरं वाचताना माझ्या डोक्यात ट्यूब पेटलीच नाही. मोठेपणी पेटली तेव्हा एकटाच हसत बसलो. ड्रॅक्युलाच्या गढीत ख्रिस्ती क्रूस, पवित्र पाणी, बायबल आणि शेजारी विभूती! या गेमचा गॉथिकपणा असा सरमिसळीचा आहे. कुठल्या एका देशाचा किंवा शतकाचा तो नाही. जपानी माणसांनी मनात रचलेला युरोप आहे तो, आणि जे हाती लागलं ते त्यांनी मोकळ्या हाताने वापरलं.

त्या रूपाचं श्रेय बऱ्याच अंशी आयामी कोजिमा या चित्रकर्तीचं. तिने चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. आधीच्या भागांतले नायक दंड फुगवलेले पैलवान वाटायचे. तिने अलुकार्डला फिकट, लांब केसांचा, दुःखी राजपुत्र केलं आणि मालिकेचा चेहरामोहराच बदलला. दिग्दर्शन तोरू हागिहारा यांचं होतं. कोजी इगाराशी तेव्हा सहदिग्दर्शक होते, शिवाय प्रोग्रॅमिंग आणि कथेतही त्यांचा हात होता. पुढे मालिका त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. मोकळं भटकण्याच्या या रचनेची प्रेरणा 'झेल्डा' या गेममालिकेतून आली, असं त्यांनी स्वतः सांगितलंय. तरी या प्रकारच्या गेमना पुढे 'मेट्रॉइड' या वेगळ्याच गेमचं नाव 'कॅसलव्हेनिया'ला जोडून 'मेट्रॉइडव्हेनिया' नाव पडलं, ही मजाच म्हणायची.

काळही लक्षात घ्या. जपानमध्ये हा गेम २० मार्च १९९७ला आला, अमेरिकेत त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. 'फायनल फँटसी ७'चं ते वर्ष. थ्रीडीच्या लाटेत सपाट, बाजूने दिसणारा गेम काढणं म्हणजे जुन्या बाजारात नवं दुकान उघडण्यासारखं होतं. पण त्यामुळेच तो आज म्हातारा दिसत नाही. त्या वर्षांतल्या थ्रीडी गेमचे टोकदार चेहरे आता बघवत नाहीत. हा पिक्सेलचा किल्ला तसाच उभा आहे.

आता अवघड भाग, म्हणजे गेमचा सोपेपणा. तुम्ही लहानपणी अडला असाल, आता अडणार नाही. आल्केमी लॅबमधली पहिली जोडी, भाला घेतलेला स्लोग्रा आणि उडत आग ओकणारा गायबॉन, तिथे कदाचित एकदा मराल. त्यानंतर गाडी उताराला लागते. अनुभवाचे गुण साठतात, लेव्हल वाढते, संरक्षणाचा आकडा चढतो आणि एका टप्प्यावर बहुतेक शत्रूंच्या वाराने तब्येतीतला एकच अंक कमी व्हायला लागतो. त्यातून सेव्ह करायच्या खोलीत गेलं की तब्येत पूर्ण भरते. शाळकरी वयात ही ताकद हवीहवीशी होती. आता तीच मजा मारते.

म्हणून माझा सल्ला: काही गोष्टींना हात लावू नका. शील्ड रॉड आणि अलुकार्ड शील्ड एकत्र वापरू नका. ती जोडी जागी केली की ढाल नुसती पुढे धरून चाललं तरी बॉस, म्हणजे वाट अडवून बसलेले मोठे शत्रू, वितळतात, वर तब्येतही भरते. उलट्या ग्रंथालयातल्या श्मू नावाच्या भुतांना मारत 'क्रिसेग्रिम'साठी बसू नका. चालता चालता चार-चार वार करणारी ती तलवार मिळाली की उरलेला गेम म्हणजे गवत कापणं. सोल स्टील हा शत्रूंची तब्येत ओढून तुम्हाला देणारा मंत्रही बाजूला ठेवा. मंत्रांचं एक गंमतीशीर आहे, ते विकत न घेताही चालतात. बटणांचा क्रम ठाऊक असला की पहिल्या तासातही मंत्र सुटतो. तुम्हाला जुने क्रम आठवत असतील आणि बोटं शिवशिवतील. आवरा त्यांना.

याउलट शस्त्रं मात्र बदलत राहा. बहुतेक जण एक चांगली तलवार मिळाली की तीच शेवटपर्यंत ठेवतात. या गेममध्ये शस्त्रांचा ढीग आहे आणि कित्येकांना स्वतःची गुप्त चाल आहे, जी दिशांचा छोटा क्रम देऊन सुटते. आकड्याने कमी असलेलं शस्त्र हातात घेऊन त्याची खोड शोधणं, यात मला आजही सगळ्यात जास्त आनंद मिळतो. माझा नियम असा की नव्या विभागात शिरलो की तिथेच सापडलेलं शस्त्र वापरायचं. रूढ अर्थाने हा 'कठीण मोड' म्हणता येणार नाही, पण गेमचा उतार बराच सपाट होतो आणि प्रत्येक विभागाची वेगळी चव लागते. शिवाय, एकदा गेम पूर्ण केल्यावर नव्या खेळात 'रिक्टर' हे नाव इंग्रजीत टाकलं की चाबूक घेऊन रिक्टर म्हणून खेळता येतं. ना लेव्हल, ना चिलखत, ना दुकान. मात्र पहिल्याच फेरीत तिकडे वळू नका. तिथे किल्ल्याशी बोलणं होत नाही, नुसतं धावणं होतं.

आता उलट्या किल्ल्याकडे येऊ.

आधी त्याचं दार. सोन्याची आणि चांदीची, दोन अंगठ्या. चांदीच्या अंगठीसाठी काट्यांतून जाता येईल असं चिलखत हवं. ते कॅटाकोम्ब्जमधल्या, म्हणजे भुयारी कबरस्थानातल्या, अंधाऱ्या काटेरी बोळापलीकडे आहे. त्या बोळातून जायला वटवाघळाच्या रूपात आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट शोधावी लागते. सोन्याची अंगठी सक्युबस या स्वप्नात येणाऱ्या राक्षसिणीकडे. तिला भेटायला तुम्ही एका खोट्या सेव्ह-खोलीत शिरता, नेहमीसारखे निर्धास्त उभे राहता आणि दुःस्वप्नात जाता. जिथे खेळाडू हमखास सैलावतो ती जागा पकडून तिथेच वार केलाय. मग दोन्ही अंगठ्या घालून घड्याळाच्या खोलीत उभं राहायचं, खालची वाट उघडते, तिथे मारिया चष्मा देते. रिक्टर आता दुसऱ्या कुणाच्या ताब्यात जाऊन तुमच्यासमोर उभा असतो. तो चष्मा घालून त्याच्याशी लढलं तर त्याच्याभोवती तरंगणारा हिरवा गोळा दिसतो. रिक्टरला हात न लावता त्या गोळ्याला मारायचं. चष्म्याशिवाय रिक्टरला मारलंत तर नावं वर सरकू लागतात आणि गेम संपल्याची बतावणी करतो. त्या काळी कित्येक जण तिथेच थांबले, गेम झाला म्हणून त्यांनी डिस्क डब्यात ठेवली.

दुसऱ्यांदा खेळताना हा धक्का नसतो. पण एक गोष्ट दिसते जी पहिल्यांदा दिसत नाही: सगळी तयारी आधीपासून समोर होती. घड्याळ नकाशाच्या मध्यावर आहे, तुम्ही त्याच्याखालून दहा वेळा गेलेला असता. अंगठ्यांवरचे शब्दही तिकडेच बोट दाखवतात. आणि नायकाचं नाव! 'ड्रॅक्युला'ची इंग्रजी अक्षरं उलटी लिहिली की 'अलुकार्ड' होतं. नाव उलटं असलेल्या मुलाला उलटा किल्ला, हे कोडं पहिल्या पडद्यापासून नाकासमोर टांगलेलं असतं.

म्हणजे कल्पना उत्तम. तरी तिथे गेल्यावर कंटाळा का येतो? रचनाकार म्हणून माझं निदान असं. पहिल्या किल्ल्यात भूगोल तुम्हाला अडवतो. उंच कठडा दिसतो, पोचता येत नाही. जाळी दिसते, धुकं होता येत नाही. मग काही तासांनी ती शक्ती मिळते आणि तुम्ही आठवणीने परत जाता. खोलीला अर्थ येतो तो या अडण्यामुळे. उलट्या किल्ल्यात तुम्ही पोचता तेव्हा वटवाघूळ होऊन उडता येतं, धुकं होऊन जाळीतून जाता येतं, एका झेपेत छत गाठता येतं. तुम्हाला अडवणारं काही उरलेलंच नसतं. जिने छताला चिकटलेले, कठडे उफराटे, आणि तुम्ही त्या सगळ्यावरून उडत जाता. नकाशाची टक्केवारी तेवढी वाढत राहते. ती २००.६ पर्यंत जाते, हे मात्र आजही झकास वाटतं. भरीला बऱ्याच भागांत 'फिनाले तोक्काता' हे एकच संगीत वाजतं. पहिल्या किल्ल्यात प्रत्येक विभागाला स्वतःचा सूर होता, इथे सगळ्या खोल्या एकाच आवाजात बोलतात. शत्रूंचा तोलही गेलेला: एखादा अचानक जबर मारतो, शेजारचा नुसता गुदगुल्या करतो.

उपाय आहे. उडू नका. वटवाघळाचं रूप मेनूतून बंद करता येतं, तसंच छत गाठणारी झेपही. दुहेरी उडीवर चाला. मग उलट्या जिन्याच्या खालच्या बाजूने कसं चढायचं, झुंबराच्या टोकावर कसं उभं राहायचं, असे प्रश्न परत जिवंत होतात. काही ठिकाणी खरोखरच अडाल, तिथे वटवाघूळ चालू करून पुढे जा, फार सोवळं पाळू नका. आणि तिथे जाण्यासाठी तुमचं स्वतःचं कारण ठेवा: मृत्यूने हिसकावलेलं सामान. तलवार, ढाल, शिरस्त्राण, चिलखत, झगा, हार, सगळं याच किल्ल्यात विखुरलंय. ड्रॅक्युलाकडे जायला व्लादचे, म्हणजे ड्रॅक्युलाचेच, पाच अवशेष गोळा करावे लागतात ते गेमचं काम. हरवलेल्या सहा वस्तू गोळा करणं हे तुमचं. मी असा खेळलो तेव्हा उलटा किल्ला मला पहिल्यांदा 'घरी परत येणं' वाटला.

बॉसही बघण्यासारखे आहेत, लढण्यापेक्षा बघण्यासारखे. बील्झबब म्हणजे आकड्यांवर टांगलेलं, माश्या घोंघावणारं अगडबंब प्रेत. मारत जाल तसे त्याचे अवयव गळून पडतात. गॅलामॉथ पडद्यात मावत नाही. त्याच्या विजांनी हैराण व्हाल, पण विजा शोषून घेणारं एक शिरोभूषण गेममध्ये आहे. ते घातलं की त्याच्या प्रत्येक विजेने तब्येत वाढते आणि तो बिचारा तुमचा दवाखाना होतो.

आवृत्तीबद्दल. जुना प्लेस्टेशन आणि जुना ट्यूबचा टीव्ही मिळत असेल तर पुढचं वाचू नका, तोच लावा. हा निव्वळ जुन्याचा मोह नाही. संवादाच्या वेळी दिसणारं ड्रॅक्युलाचं छोटं चित्र घ्या. आजच्या लख्ख पडद्यावर त्याचे डोळे म्हणजे लाल रंगाचे दोन-चार चौकोनी ठिपके. ट्यूबच्या पडद्यावर तेच ठिपके शेजारच्या रंगांत पाझरतात आणि खोबणीत निखारा असावा तशी नजर दिसते. चित्रकाराने त्या पाझरण्याचा हिशेब धरून ठिपके ठेवले होते. नव्या टीव्हीवर खेळणार असाल तर किमान चित्राचं प्रमाण ४:३ ठेवा. रुंदीभर ताणलंत तर तो सडपातळ राजपुत्र हलवाई दिसायला लागतो.

सेगा सॅटर्न या गेमच्या यंत्रावर १९९८मध्ये जपानपुरती एक आवृत्ती आली. तिच्यात मारियाला घेऊन खेळता येतं आणि दोन नवे विभाग आहेत. पण ती अडखळते, पारदर्शक धुक्याच्या जागी जाळीदार ठिपके दिसतात. कुतूहल म्हणून बघा, पहिल्या पुनर्भेटीला नको. २००७मध्ये एक्सबॉक्स ३६०वर आलेली आवृत्ती मुळाशी बरीच प्रामाणिक आहे. त्याच वर्षी पीएसपी या हातात धरायच्या प्लेस्टेशनवर 'द ड्रॅक्युला एक्स क्रॉनिकल्स'मध्ये हा गेम लपवून ठेवला होता. त्यात संवाद नव्याने लिहिले, आवाजही नवे घेतले, मारियाही खेळायला दिली. २०१८ला प्लेस्टेशन ४वर 'कॅसलव्हेनिया रिक्विएम' आला, त्यात हीच पीएसपीची आवृत्ती 'रोंडो ऑफ ब्लड'सोबत मिळते. २०२०पासून फोनवरही आहे, पण काचेवर बोटं घासत मागे सरकण्याचं ते सुख मिळत नाही. कंट्रोलर जोडणार असाल तरच.

नवे आवाज की जुने? नवे संवाद जास्त शहाणे, अभिनय जास्त संयत. मला जुनेच हवेत. १९९७चा तो नाटकी, छाती काढून बोललेला ड्रॅक्युला आणि घोगऱ्या आवाजात गंभीरपणे उत्तर देणारा अलुकार्ड, हे या झुंबरांच्या आणि मखमली पडद्यांच्या जगाला शोभतात. संवाद सुधारले आणि थोडी जत्रा कमी झाली. तुमच्या आठवणीत जुने आवाज आहेत, म्हणून तुम्ही रिक्विएम घेतलात तर पहिल्या संवादाला चरका बसेल, हे आधीच सांगून ठेवतो.

संगीताबद्दल थोडंच लिहितो, कारण ते तुम्हाला पाठ असणार. मिचिरू यामाने यांनी ग्रंथालयाला हार्पसिकॉर्ड दिला, ओल्रॉक्सच्या महालाला वॉल्ट्झ, घड्याळाच्या मनोऱ्याला तडातडा गिटार. एक करून बघा: मनोऱ्यात दातेरी चाकं आहेत, ठराविक चाकांवर 'खट्' आवाज होईपर्यंत वार करत गेलं की एक दार उघडतं. ते करताना घाई करू नका. वर गिटार, खाली चाकांची खटखट, मधून उडणारी मेडुसाची मुंडकी, आणि तुम्ही तालात वार करताय. तिथे मी अजूनही गरजेपेक्षा जास्त वेळ थांबतो.

शेवटचं, आणि हे व्यवहाराचं नाही. माळ्यावर तुमची जुनी प्लेस्टेशनची डिस्क सापडली तर ती गेमच्या यंत्रात घालण्याआधी गाण्यांच्या साध्या सीडी प्लेयरमध्ये घाला आणि दुसरा ट्रॅक लावा. अलुकार्डचा आवाज येतो. पहिल्या ट्रॅकवर संगणकाची माहिती आहे, तो वाजवू नका, असं तो बजावतो. वर म्हणतो, पण तुम्ही माझं थोडंच ऐकणार आहात. मग संगीत सुरू होतं.